चेक सोमवारी वटला, हप्ता रविवारीच परतला: खात्यावर ८५ हजार येत असताना लागलेल्या १,९२४ रुपयांचं प्रकरण

हे प्रकरण जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यातलं आहे. खातेदार बाई घरून ग्राफिक डिझाइनची कामं घेतात, आणि त्यांचे हिशेब माझ्याकडे असतात. त्यांची ओळख आणि बँकेचं नाव बाजूला ठेवलं आहे. त्या महिन्यात त्यांच्याकडे पैसे नव्हते असं एकाही दिवशी म्हणता येणार नाही. तरी दोन दिवसांत त्यांच्या नावावर दोन ‘बाऊन्स’ लागले आणि चार वेगवेगळ्या प्रकारांनी मिळून १,९२४ रुपयांचा भुर्दंड बसला.

काय घडलं

शुक्रवार, ३ जानेवारी. खात्यात २२,३४० रुपये होते. एका ग्राहकाकडून ८५,००० रुपयांचा चेक मिळाला होता. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बाईंनी तो शाखेतल्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकला. बॉक्सवर सूचना होती की दुपारी तीननंतर टाकलेले चेक पुढच्या कामकाजाच्या दिवशी क्लिअरिंगला जातील. त्यांनी ती वाचली होती. पुढचा दिवस पहिला शनिवार, म्हणजे बँक चालू. (दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, हा नियम सप्टेंबर २०१५ पासूनचा.) त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या तीन दिवसांत खात्यातून तीन रकमा जायच्या होत्या. गाडीच्या कर्जाचा हप्ता १८,४६० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला नॅच मँडेटने, म्हणजे ठरलेल्या दिवशी खात्यातून हप्ता आपोआप कापायला दिलेल्या परवानगीने. त्याच तारखेला विम्याचा हप्ता ३,१५० रुपये, तोही नॅचनेच. आणि छपाईवाल्याला दिलेला १४,००० रुपयांचा ४ तारखेचा चेक. बेरीज ३५,६१०. हाताशी २२,३४० आणि येणारे ८५,०००. कागदावर हिशेब अगदी ऐसपैस बसत होता.

शनिवारी चेक क्लिअरिंगला गेला. संध्याकाळी ॲप उघडलं तर वर ठळक अक्षरांत १,०७,३४० रुपये. त्या आकड्याच्या भरवशावर बाईंनी कागदाचं ६,५०० रुपयांचं बिल यूपीआयने देऊन टाकलं. व्यवहार लगेच झाला. त्यामुळे पैसे आलेच आहेत हा समज आणखी पक्का झाला. खरं तर हे साडेसहा हजार जुन्या २२,३४० मधूनच गेले होते. त्या ठळक आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘उपलब्ध शिल्लक’ अशी दुसरी ओळ होती आणि तिथे आता १५,८४० रुपये उरले होते.

रविवार, ५ जानेवारी. सकाळी कर्जाच्या हप्त्याची मागणी आली. हवे होते १८,४६०, उपलब्ध होते १५,८४०. कमी पडले २,६२० रुपये. हप्ता परतला आणि परतीचे ५०० अधिक १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये खात्यातून कापले गेले. त्यानंतर विम्याचा हप्ता आला. तो लहान, म्हणून बिनबोभाट गेला. शिल्लक राहिली १२,१००.

सोमवारी सकाळी छपाईवाल्याचा १४,००० चा चेक समोर आला आणि १,९०० रुपये कमी पडले म्हणून तोही परतला. परत ५९०. दुपारी अडीचच्या पुढे ८५,००० रुपये ‘क्लिअर’ झाले आणि उपलब्ध शिल्लक ९६,५१० दिसू लागली.

म्हणजे छपाईवाल्याचा चेक परतला आणि बाईंचा चेक वटला, ते एकाच दिवशी, काही तासांच्या फरकाने.

पैसे आहेत, पण अजून नाहीत

बँकेत चेक जमा केल्यावर खात्यावर जी रक्कम दिसते ती सुरुवातीला नुसती नोंद असते. ज्या बँकेवर चेक काढलाय ती बँक तो नाकारू शकते. ती मुदत टळेपर्यंत आपली बँक ती रक्कम वापरू देत नाही. त्या वेळच्या सीटीएस पद्धतीत (कागदाऐवजी चेकची स्कॅन केलेली प्रतिमा पाठवण्याची पद्धत) ही प्रतिमा गटाने समाशोधनाला, म्हणजेच क्लिअरिंगला, जायची आणि परतीचं सत्र पुढच्या कामकाजाच्या दिवशी असायचं. शनिवारी गेलेल्या चेकचा ‘पुढचा दिवस’ सोमवार. मधला रविवार चेकच्या लेखी नव्हताच.

हप्त्याच्या लेखी मात्र तो पुरेपूर होता. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्याआधी रविवारचा हप्ता सोमवारी जायचा, आणि जुन्या सवयीचे अनेक खातेदार अजून तेच गृहीत धरतात. रविवारी पगार जमा होऊ लागला म्हणून या बदलाचं तेव्हा स्वागत झालं. रविवारी हप्ताही कापला जाणार, ही बाजू बहुतेकांना पहिला बाऊन्स लागल्यावर कळली. जाण्याचा रस्ता सात दिवस उघडा आणि चेकने येण्याचा रस्ता सुट्टीला बंद. या प्रकरणातला जवळजवळ सगळा भुर्दंड या एका फटीतून आला आहे.

‘जवळजवळ’ म्हणतो, कारण यूपीआयचे साडेसहा हजार हे वेगळं कारण आहे. ते दिले नसते तर रविवारचा हप्ता गेला असता: २२,३४० वजा १८,४६०, उरले ३,८८०. त्यातून विमा गेला की ७३० रुपये. पण मग सोमवारी छपाईवाल्याचा चेक परतलाच असता. म्हणजे ॲपच्या ठळक आकड्याने एक बाऊन्स जास्तीचा आणला आणि दुसरा आधीच ठरलेला होता. बाई सगळा दोष ॲपला देत होत्या. मला ते पूर्ण पटलं नाही, पण ॲप निर्दोष आहे असंही नाही. न वटलेली रक्कम मोठ्या टायपात आणि वापरता येणारी रक्कम बारीक टायपात, ही मांडणी कोणाच्या सोयीची असते ते बँकांनीच सांगावं.

आणखी एक गोष्ट स्टेटमेंट ओळीने वाचलं तरच दिसते. रविवारी कापलेल्या ५९० रुपयांनी सोमवारची तूट वाढवली. ते कापले नसते तर छपाईवाल्याच्या चेकला १,९०० ऐवजी १,३१० कमी पडले असते. या वेळी त्याने निकाल बदलला नाही, पण काठावर चालणाऱ्या खात्यांमध्ये पहिल्या परतीसाठी बँकेने लावलेला आकारच दुसरी परत घडवतो. खात्यात पुरेशी रक्कम नसेल तर हा आकार थकीत राहतो आणि पुढच्या जमेतून सर्वात आधी वसूल होतो. त्यामुळे बरोबर हप्त्याएवढी रक्कम भरूनही हप्ता पुन्हा परतलेला मी पाहिला आहे.

१,९२४ रुपये कुठून आले

बँकेचे दोन वेळा ५९०, म्हणजे १,१८० झाले. कर्ज देणाऱ्या कंपनीने आपला बाऊन्स चार्ज लावला ४५० आणि त्यावर जीएसटी, एकूण ५३१. हप्ता तीन दिवस थकला म्हणून दंडापोटी ३६ रुपये. छपाईवाल्याच्या बँकेनेही त्याच्याकडून परतलेल्या चेकचे १७७ रुपये घेतले आणि त्याने ते बाईंकडे मागितले. न मागते तरच नवल.

एकाच घटनेसाठी आपली बँक आणि कर्ज देणारी कंपनी असे दोघेही पैसे घेतात, हे बाईंना आधी माहीत नव्हतं. बँक मागणी परत पाठवण्याचे घेते, कंपनी परत आल्याचे घेते. दोन्ही आपापल्या दरपत्रकात छापलेलं असतं, आणि कर्जाच्या करारावर सही करताना ते पान कोणी वाचत नाही.

३६ रुपयांची मात्र मी मुद्दाम तपासणी केली. १८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार थकीत कर्जावर ‘दंडव्याज’ म्हणून व्याजदर वाढवता येत नाही. जो काही दंड असेल तो वेगळा आकार म्हणून दाखवायचा, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. कंपनीने तो वेगळाच दाखवला होता. तिथे हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

सोमवार संध्याकाळ

पैसे क्लिअर झाल्यावर बाई लगेच कंपनीच्या लिंकवरून हप्ता भरायला निघाल्या होत्या. मी त्यांना आधी कंपनीत फोन करायला लावला. परतलेलं मँडेट कंपनी बहुधा काही दिवसांत पुन्हा लावते. ती फाइल बँकेकडे गेली असेल आणि मधल्या काळात आपणही हप्ता भरला, तर पैसे दोनदा जातात आणि परताव्यासाठी हेलपाटे सुरू होतात. कंपनीने सांगितलं, ८ तारखेला पुन्हा लावतोय. मग तसंच राहू दिलं आणि ८ ला हप्ता गेला.

यामागे आणखी एक हिशेब होता. १ जानेवारी २०२५ पासून कर्जदारांची माहिती क्रेडिट माहिती कंपन्यांकडे (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या) पंधरवड्याला जाऊ लागली होती, १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती धरून. ८ ला हप्ता भरला गेला, १५ ला थकबाकी शून्य. पुढे अहवाल काढून पाहिला, त्यात उशिराची नोंद नव्हती.

छपाईवाल्याला त्याच संध्याकाळी १४,००० एनईएफटीने पाठवले आणि परतलेला मूळ चेक मागून घेतला. हे दुसरं काम लोक विसरतात. पैसे दिले तरी चेक समोरच्याकडे राहिला तर तो मुदतीत पुन्हा लावला जाऊ शकतो. छपाईवाला ओळखीतला, म्हणून कलम १३८ ची (चेक न वटणं गुन्हा ठरवणारं कलम) नोटीस वगैरे प्रश्न आला नाही. पण रिटर्न मेमोवर, म्हणजे चेक परतीचं कारण सांगणाऱ्या बँकेच्या चिठ्ठीवर, ‘निधी अपुरा’ असं असलं की अनोळखी माणूस तीस दिवसांत नोटीस काढू शकतो आणि मग पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. हप्त्याच्या परतीलाही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं. ते मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

भांडायचं कशावर

बाईंनी लिहिलेल्या पहिल्या अर्जाचा सूर असा होता: मी अकरा वर्षांची खातेदार, माझा चेक तुमच्याकडेच होता, तरी तुम्ही मला दंड केलात. भावना रास्त, पण अर्ज म्हणून त्याला काही वजन नाही. शाखेचं उत्तर ठरलेलं असतं: दरपत्रक संकेतस्थळावर आहे, शिल्लक अपुरी होती, आकार नियमानुसार आहे.

मी अर्ज फाडून दोन प्रश्न वेगळे काढले.

पहिला प्रश्न, चेक वटवायला बँकेने उशीर केला का? केला असेल तर सगळ्या प्रकरणाचा रंग बदलतो. प्रत्येक बँकेचं चेक वसुली धोरण असतं आणि त्यात जमेची मुदत लिहिलेली असते. उशीर झाला तर भरपाई मागता येते. स्थानिक चेकसाठी धोरणात दर दिला नसेल तर बचत खात्याच्या दराने. समजा हा चेक शुक्रवारी तीनच्या आत पडला होता आणि बँकेने तो शनिवारी पाठवला. ८५,००० वर तीन टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज होतं सात रुपये. खातेदाराला उशीर झाला तर ५९० आणि बँकेला झाला तर सात, असा हा न्याय. पण अशा वेळी सात रुपयांपेक्षा महत्त्वाची ठरते ती बँकेची कबुली. तुमच्या उशिरामुळे हप्ता परतला, तेव्हा तो आकार परत करा, असं ठामपणे म्हणता येतं.

इथे ती वाट बंद होती. चेक साडेचारला पडला होता, हे बाई स्वतःच सांगत होत्या. आणि समजा त्या दोनला गेल्या असत्या, तरी ते सिद्ध कशाने करणार? ड्रॉप बॉक्स पोच देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत: ड्रॉप बॉक्स असला तरी काउंटरवर चेक घेऊन पोच देण्याची सोय असलीच पाहिजे, आणि मागितल्यास ती नाकारता येत नाही. मोठा चेक असेल आणि त्याच्यामागे हप्ता उभा असेल, तर रांगेत उभं राहून तारीख-वेळेचा शिक्का घेणं परवडतं.

दुसरा प्रश्न जास्त कामाचा निघाला. छपाईवाल्याचा चेक कोणत्या कारणाने परत केला? मेमोवर कारण क्रमांक ०१ होता, ‘निधी अपुरा’. परतीच्या कारणांच्या ठरलेल्या यादीत ०३ क्रमांकाचं कारण वेगळं आहे: जमा रक्कम अद्याप वटलेली नाही, पुन्हा सादर करावा. बाईंची स्थिती त्या सकाळी नेमकी हीच होती. त्यांच्या खात्यावर ८५,००० रुपये न वटलेले पडून होते आणि ते बँकेच्याच यंत्रणेत दिसत होते. ०१ वाचणाऱ्याला माणूस बुडीत वाटतो. ०३ वाचणाऱ्याला कळतं की उद्या चेक लावला तर वटेल. बँकेच्या यंत्रणेने उपलब्ध शिल्लक पाहिली आणि आपोआप ०१ लावला. माणसाने पाहिलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं.

याला जोडून एक नियमही आहे. चेक परतीचा आकार खातेदाराची चूक असेल तरच लावावा, असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलं आहे. यात बाईंची चूक होती की नाही यावर वाद होऊ शकतो. न वटलेल्या रकमेच्या भरवशावर चेक देणं ही चूकच, असं बँक म्हणू शकते, आणि ते अगदीच चुकीचं नाही. पण अर्जात आम्ही ‘चूक नव्हती’ असं म्हटलंच नाही. परतीचं कारण चुकीचं नोंदवलं आहे, ते दुरुस्त करा आणि त्या कारणावर आधारलेला आकार परत करा, एवढंच मागितलं. सोबत स्टेटमेंटचं ते पान जोडलं, ज्यावर ६ तारखेच्या परतीच्या ओळीखाली दोन ओळी सोडून ८५,००० ची जमा आहे. हप्त्याच्या ५९० रुपयांबद्दल अर्जात एक शब्दही नव्हता. तो मुद्दा लंगडा होता, आणि लंगड्या मुद्द्याबरोबर चांगला मुद्दाही मागे पडतो.

बँकेने उत्तरात कारण बदललं नाही. ‘ग्राहकसंबंध लक्षात घेऊन एकवेळची बाब म्हणून’ चेक परतीचा आकार मागे घेत असल्याचं कळवलं. चूक कबूल न करता पैसे परत करण्याची ही बँकेची नेहमीची भाषा. आधी ५०० जमा झाले. जीएसटीचे ९० त्यानंतर काही दिवसांनी वेगळे आले, आणि तेही विचारल्यावर. न पटणारं उत्तर आलं असतं, किंवा अर्ज दिल्यापासून तीस दिवसांत उत्तरच आलं नसतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं. २०२१ च्या एकात्मिक योजनेपासून तक्रार एकाच संकेतस्थळावर करता येते. इथे ती वेळ आली नाही.

कर्ज कंपनीने पहिलाच बाऊन्स आहे म्हणून ५३१ रुपये फोनवरच माफ केले. मला याचं आश्चर्य वाटलं. दंडाचे ३६ तसेच राहिले. छपाईवाल्याचे १७७ बाईंनी दिले. म्हणजे १,९२४ पैकी अंगावर राहिले ८०३.

नंतर काय बदललं

बाईंची त्याच बँकेत ५०,००० ची मुदत ठेव होती. त्या आठवड्यात त्यांना दोन दिवसांसाठी सुमारे वीस हजार रुपये कमी पडत होते. ठेवीवर ओव्हरड्राफ्टची मर्यादा असती, तर नऊ टक्क्यांनी या उसनवारीचं व्याज दहा रुपयांच्या आत झालं असतं. आता ती मर्यादा घेतली आहे. ठेव मोडावी लागत नाही, आणि वापरलेल्या रकमेवर वापरलेल्या दिवसांचंच व्याज लागतं. चेकवर चालणाऱ्या प्रत्येक छोट्या व्यावसायिकाने हे का करून ठेवू नये, मला कळत नाही.

ग्राहकांना चेकऐवजी एनईएफटी करायला सांगून पाहिलं. १६ डिसेंबर २०१९ पासून ती सोय चोवीस तास, सातही दिवस आहे. दोन ग्राहक तयार झाले. ज्याने ८५,००० चा चेक दिला होता तो नाही म्हणाला. साहजिक आहे. बरेच लोक चेक देतात तेच मुळी आपल्या खात्यातून पैसे दोन दिवस उशिरा जावेत म्हणून.

हा दोन दिवसांचा फायदाही आता संपत आला आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचं समाशोधन दिवसभर सलग चालतं. शाखेतून आलेला चेक स्कॅन होऊन लगेच पुढे जातो, समोरच्या बँकेने संध्याकाळी सातपर्यंत होय किंवा नाही सांगायचं, आणि काहीच सांगितलं नाही तर चेक मान्य झाला असं धरलं जातं. बाईंच्या तारखा या नव्या पद्धतीवर ठेवून पाहिल्या. शुक्रवारी साडेचारला टाकलेला चेक शनिवारीच गेला असता, पण शनिवारी रात्रीपर्यंत वटलाही असता. रविवारचा हप्ता सुखरूप गेला असता. छपाईवाल्याचा चेक मात्र सोमवारऐवजी शनिवारीच बाईंच्या खात्यावर येऊन धडकला असता. त्या दिवशी खात्यात २२,३४० होते, म्हणून तो निभावला असता. खात्यात दहा हजार असते आणि ८५,००० संध्याकाळी येणार असते, तर तोच चेक दुपारीच परतला असता. स्वतःचा चेक लागायला सोमवार उजाडेल या हिशेबाने शुक्रवारी चेक फाडणाऱ्यांना आता तेवढी उसंत मिळणार नाही.

हप्त्याची तारीख ५ वरून १२ करून मिळावी असा अर्ज कर्ज कंपनीकडे दिला आहे. त्यासाठी नवं मँडेट नोंदवावं लागेल आणि मधल्या दिवसांचं व्याज वेगळं भरावं लागेल, असं कंपनीचं उत्तर आहे. ते व्याज किती, याचा आकडा अजून लेखी दिलेला नाही, म्हणून सही केलेली नाही. तोवर तारीख ५ च आहे.